सतरा दिढे

"सतरा दिढे? बोल! सतरा दिढे किती?"

मुलगी नऊ वर्षांची असताना तिला दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, विचारताना नवऱ्याने घरात घुमवलेला तो आवाज शिवणकाम करणाऱ्या आईच्या कानातून कधी गेलाच नाही. आज तोच आवाज बंद दारापलीकडे होता. तिने शिलाई मशीन ढकलत दाराला लावलं, तोच विमान चालवायला शिकायला गेलेल्या मुलीचा फोन वाजला.

"हॅलो?... काही नाही गं, पडलं काहीतरी... बरं, पडलं नाही. हे दार फोडतायत. तुझ्याशी चोरून बोलते ते कळलं... लागलंय थोडं. ओठ फुटलाय, दोन टाक्यांचं काम... रडू नको. शेजारणीने पोलिसांना कळवलंय. अगं ऐक ना, आज विमानात काय झालं ते सांग.

"...ताशी नव्वद मैल, तर सतरा मिनिटांत किती? एवढंच विचारलं सरांनी?... आणि तुला आलं नाही. तेच वाकडं बोट बघत बसलीस ना?... उद्या पुन्हा विचारणार. नाही आलं तर घरी. कुठल्या घरी, ह्या?"

धाडकन लाथ बसली. वरची बिजागरी निखळली. तिने कापड कापायची मोठी कात्री मुठीत धरली.

"हो, हो... ऐक. ताशी नव्वद म्हणजे मिनिटाला दीड. आपली दिडकीच की! दहा दिढे?... पंधरा. मोठ्याने गं, इथे हातोडा चाललाय! चौदा?... एकवीस. सोळा?... चोवीस. पुढे?... अगं पुढे?... बोटाकडे नको बघू, बाळा. तिथे वर पिळायला कोणी येत नाही...

"काय?... चुकलं म्हणून बोट मोडलं? असं वाटतं तुला, इतकी वर्षं?"

फळी फुटली. भोकातून हात आत आला, कडी चाचपू लागला. तिने कात्री खुपसली. किंकाळी उठली, हात रक्ताची रेघ ओढत मागे गेला.

"...मी नाही, हे ओरडले. ऐक. तू साडेपंचवीस म्हणालीस. हे म्हणाले साडेसव्वीस. तू पुन्हा साडेपंचवीस म्हणालीस, आणि बोट कडकन वाजलं... तूच बरोबर होतीस गं. मला दिडकी पाठ होती. मी मनात म्हटलीसुद्धा... आणि खाली मान घालून शिवत बसले."