भुऱ्याचं जेवण अडलं

हॅलो?… कोन? मरियमबाई व्हय! बोला ना बाई… न्हाई, न्हाई, मोकळीच हाय. भाकरी झाल्या थापून. पोचला का नगरला, लेकीकडं? नातू कसा हाय?… बरं, बरं.

कोन, भुऱ्या? मजेत हाय की… हां, रमला. रमायला काय झालं, घर त्याचंच हाय. दीड महिन्याचा हुता तवापासनं मी वाढवला त्याला. ऊसतोडीला गेलो म्हनून सहा महिने तुमच्या अंगनात ठेवला, तेवढंच. आता परवा आलो, आनला माघारी.

…व्हय, ऐकतो ना. 'बस' म्हनलं की बसतो. 'थांब' म्हनलं की उंबऱ्याच्या भाईर थांबतो. चपलीला तोंड लावत न्हाई, पाव्हन्याच्या अंगावर उडी घेत न्हाई… व्हय, तुमीच शिकिवलं. समदी आळी तेच सांगतीय मला. 'मरियमबाईंनी कुत्र्याचं मानूस केलं.' आमचे मालकबी तेच म्हनत्यात, येता-जाता. तीस वर्सं शाळंतली पोरं वळनाला लावली तुमी, कुत्र्याचं काय घेऊन बसलाय…

न्हाई वो, रागावले न्हाई. आवाजच तसा हाय माझा.

काय?… जेवतो. पोटभर जेवतो… काय म्हंजे, दूध-भाकर… व्हय, खाल्ली सकाळी…

बाई, खोटं बोलले मी. दोन दिस झाले, त्यानं घास खाल्ला न्हाई.

अवो, ऐका तर… आजारी न्हाई. पानी पितो, शेपूट हलवतो. पन भगुलं पुढं ठेवलं की गप बसतो आन माझ्या तोंडाकडं बघतो. लाळ गळतीय खाली, तरी तोंड लावत न्हाई! 'खा' म्हनले, 'घे' म्हनले, शेवटाला माझी आन घातली त्याला. ढिम्म!… दसऱ्याच्या आदी ह्योच भुऱ्या माझ्या हातातली भाकर वढून पळायचा. शिव्या द्यायचे मी, पन बरं वाटायचं. आता माझ्याच घरात पाव्हन्यावानी बसतो, भूक लागली तरी बसतो… जळते मी तुमच्यावर, बाई. खरं सांगते. भाकर माझी, आन हुकूम तुमचा.

हसू नका ना… काय करू? स्पीकर? थांबा, कुठं दाबायचं असतं ते… हां, बोला… आयो, कान बघा कसं टवकारले! फोन हुंगतोय… चाटतोय की वो फोनला! 'बाळा' म्हनू नका त्याला!… बंद केला मी स्पीकर. म्हनं बाळा.

…हं… हं… तुमच्याकडं जेवायला? तुमी आन तुमचे मालक, बेंजामिन सर, बसायचा… आदी प्रार्थना… त्याचं भगुलं तितंच, तुमच्या शेजारी… मग शेवटी 'आमेन'… आन मग तुमी जेवायला लागायचा… म्हंजे त्योबी?… शिकिवलं न्हाई म्हनता? बघून बघून? सहा महिने, रोज दोन टायमाला… अवो, देवा! आन मी हितं जनावराच्या डॉक्टरला पाथर्डीवरनं बोलवायला निघाले हुते!

न्हाई, न्हाई! तुमी म्हनू नका फोनवरनं. तुमी म्हनलं आन त्यानं खाल्लं, तर ते तुमच्या हातचंच झालं. मी म्हनते… पन बाई, आमी म्हनलं तर चालतंय का? तुमच्या देवाचं हाय ते… 'तसंच होवो'? एवढाच अर्थ?… मग काय, माझंबी तेच म्हननं हाय. थांबा, दुधात चुरलेली भाकर हाय अजून. फोन खाली ठेवते…

भुऱ्या. इकडं बघ. फोनकडं न्हाई, माझ्याकडं… आमेन.

…

बाई! येतंय का ऐकू?… मिटक्या बघा! भगुलं सरकत सरकत पार चुलीपतुर गेलं… खाऊ दे, खाऊ दे… व्हय, रडतीय. रडू नको तर काय करू? दोन दिस माझ्याबी नरड्याखाली घास उतरला न्हाई.

हं?… 'आमेन' म्हनायचं आन लागलीच 'घे' म्हनायचं… रोज… मग हळूहळू नुसतं 'घे'… कळलं. म्हंजे धा-पंधरा दिसांत माझ्या शब्दावर खाईल म्हना… बरं.

काय? रविवारी नगरवरनं आला की लागलीच हिकडं येताय? त्याला बघायला?… येऊ नका, बाई… राग मानू नका. पन तुमी आला की त्यो तुमच्या मागंच पळंल, आन मी हितं भगुलं घेऊन बसंन… येत्या दसऱ्याला मला उसाला जायचंच हाय. तवा तुमच्याच अंगनात सोडनार त्याला, दुसरीकडं कुठं सोडू? तुमच्यावानी कोन जपनार? म्हनून म्हनते, तवर तरी त्याला माझा ऱ्हाऊ द्या…

अवो बाई, आता तुमी कशाला रडताय?… तुमचंबी अंगन सुनं झालं म्हना… व्हय, ते ध्यानातच आलं न्हाई माझ्या.

बरं, या. पन ह्या रविवारी न्हाई, पुढच्या… व्हय, नक्की. भाकर खाऊनच जायचं. फक्त एक ऐका, आल्या आल्या त्याला हाक मारायची न्हाई. गप उभं ऱ्हायचं. पयली हाक मी मारनार.

…व्हय. ठेवते.