डॉक्टरांची नवी खरेदी

नाही नाही, त्या खुर्चीवर नको, मॅडम — तिथे एका आजोबांचा खालचा जबडा वाळत ठेवलाय. इकडे या, स्टुलावर बसा. हां. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय मला, संग्रहालयाच्या मॅडम आल्या की त्यांना लॅबमध्ये बसव, टेबल मांडून झालं की हाक मारतो. म्हणजे वीस मिनिटं कुठे गेली नाहीत. टेबल मांडणं म्हणजे काय साधं प्रकरण आहे का यांचं? दर महिन्याला डॉक्टरांचे हे हत्यारवेडे मित्र जमतात इथे, रुमालात गुंडाळून आणतात सगळे. महिन्याभरात जे नवीन हत्यार घेतलं असेल ते — पटाशी म्हणा, करवत म्हणा, गिरमिट म्हणा — रुमालाखाली झाकून टेबलावर ठेवायचं, मग एकेकानं रुमाल उचलायचा आणि बाकीच्या दहा जणांनी 'आहाहा' करायचं. खरंच करतात हो, ही खिडकी दिसतेय ना, हिच्यातून मी तयार कवळ्या पलीकडे देते, ती नीट लागत नाही, त्यामुळे पलीकडच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं मला. वकीलसाहेबांनी मागे एक हातोडी आणली होती, ती दुपट्यात गुंडाळून, तान्ह्या मुलाला आणावं तशी. आणि घरी खिळा ठोकायचा झाला तर माणूस बोलावतात. त्यांच्या बायकोनंच सांगितलं मला, कवळीचं माप द्यायला आल्या होत्या तेव्हा.

तुम्ही त्या रंध्यासाठी आलात ना? माहितेय मला, पत्र मीच टाकलं पोस्टात. आमच्या डॉक्टरांना जुन्या बाजारात सापडलेला रंधा, दीडशे वर्षांपूर्वीचा, कारागीर अज्ञात, अमुक आणि तमुक. चार पानी पत्र होतं, एक्स-रे जोडला होता सोबत. रंध्याचा एक्स-रे काढला त्यांनी, पेशंटला रांगेत बसवून. आज सगळ्यांसमोर तो तुमच्या हातात द्यायचा, तुम्ही मान डोलवायची, मग काचेच्या कपाटात तो आणि खाली डॉक्टरांचं नाव. असा बेत आहे. — दोन वर्षांचा आहे तो. रंधा हो. मी केलाय. अहो, बसा, बसा, असं दचकू नका, धक्का लागून मेण सांडेल.

कसं म्हणून काय विचारता? तीस वर्षं इथे दात करते मी. म्हणजे डॉक्टर काढतात, मी करते, आणि पेशंट जाताना हात धरतात डॉक्टरांचा — काय हात आहे हो तुमचा, म्हणून. असू दे. सांगायचा मुद्दा असा की नवा दात करायला काही लागत नाही. लागतं ते त्याला जुना करायला. साठीच्या माणसाच्या तोंडात पांढराशुभ्र दात बसवलात तर तो रस्त्यापलीकडून ओळखू येईल. त्याला वय द्यावं लागतं — मुळाशी जरा पिवळट, कडेला चहाचा डाग, चावून चावून बसलेली धार, एखादी केसासारखी उभी भेग. शेजारच्या दातांकडे बघत बघत करायचं सगळं. जमलं की तो माणूस स्वतःच विसरतो, यातला आपला कुठला आणि माझा कुठला. मग जो दाताला वय देतो तो लाकडाला देणार नाही? पाडलेल्या घराच्या चौकटीचं लाकूड घेतलं, पातं केलं जुनी कानस घासून, ही पाचर, ही मूठ, चहाचं पाणी, काजळी, व्हिनेगरमध्ये भिजवलेला लोखंडाचा कीस — आणि मग दोन वर्षं रोज संध्याकाळी घरी चालवला. मुठीची झीज खोटी नाही हां, ती माझ्या हाताची आहे. डॉक्टर काय सांगतात माहितेय का तिच्यावरून? कारागीर डावखुरा असणार. मोठा शोध लावल्यासारखं! तीस वर्षं मी याच डाव्या हातानं त्याच्यापुढे कवळ्या ठेवतेय. — 'त्याच्यापुढे' म्हणाले का मी? म्हणते. आज म्हणणार.

मग ठेवला कुठे, तर जुन्या बाजारात, मोडक्या कुलपांच्या खोक्यात. तिथल्या म्हाताऱ्याला मी खालची कवळी फुकट करून दिली होती, त्याला म्हटलं, आजोबा, आमचे डॉक्टर येतील, हा हातात घेतील, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचं — हा विकायचा नाही. बस्स. आणि काय सांगू, चार रविवार फेऱ्या मारल्या डॉक्टरांनी! पाचव्या रविवारी म्हातारा रडकुंडीला आल्यासारखं करून 'घेऊन जा बाबा' म्हणाला. माझ्याच कवळीनं हसत हसत मला सांगत होता. त्या महिन्यात रुमाल उचलला तेव्हा या भिंतीपलीकडे कुणी 'आहाहा'सुद्धा केलं नाही, सगळे गप्प. साल काढली त्यांनी फळीवर, खिडकीच्या उजेडात धरली. तसा नेमच आहे त्यांचा, सालीतून पलीकडचं दिसलं तर रंधा पास. दिसलं की. रस्त्यावरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली वकीलसाहेबांनी.

पुरावा? आहे ना. पाचर काढून पातं बाजूला करा आणि टॉर्च मारा आत, उजव्या कोपऱ्यात. गुलाबी दिसेल. एका ठिकाणी लाकडाची गाठ निघून आली होती, तिथे मी हिरडीचा मसाला भरलाय. हा बघा, या डबीतला, याच गुलाबी रंगाच्या हिरड्या करते मी रोज. वरून काळं केलंय, पण नखानं खरवडलंत की निघेल. आयुष्यभर लोकांच्या तोंडात टॉर्च मारून बसलेला माणूस, आणि रंध्याचा एक्स-रे काढतो, पण स्वतःच्या दवाखान्यातली हिरडी त्याला दिसत नाही. म्हणजे तुम्ही काय करायचं, मॅडम — सगळे जमले की रंधा हातात घ्यायचा, डॉक्टरांचं भाषण होऊ द्यायचं, आणि मग म्हणायचं, डॉक्टर, हे गुलाबी काय आहे हो? एवढंच. पुढचं त्यांचं ते बघतील. नाही, बाजूला घेऊन नाही सांगायचं. अजिबात नाही. त्यानं कुणाला बाजूला घेतलं होतं? टेबलाभोवती सगळे होते तेव्हा बोलला तो, सगळ्यांनीच ऐकलं पाहिजे.

माझ्या वडिलांना बोलला. शाळेत सुतार होते ते, बाकं दुरुस्त करायचे, फळे टांगायचे. त्या अख्ख्या टेबलाभोवती खरा सुतार एकटा तोच माणूस, बाकी सगळे हौशी. निवृत्त झाल्यावर मीच घेऊन यायचे बाबांना महिन्याच्या पहिल्या रविवारी, पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून हाताला धरून. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. प्रत्येक हत्यार हातात घ्यायचे, बोट फिरवायचे धारेवरून, मान हलवायचे. त्यांच्यापुढे रुमाल कधी नसायचा. घेणार कुठून? डॉक्टर दर वेळी विचारायचा, काय काका, या खेपेला काय खरेदी? आणि बाबा म्हणायचे, पुढच्या खेपेला. सात वर्षं पुढच्या खेपेला. मग एकदा त्यांनी खरंच रुमाल मांडला. धुऊन इस्त्री केलेला. उचलला — खाली रंधा. लाकडी, हातानं केलेला. म्हणाले, एका जुन्या कारखान्यातून मिळाला. आणि डॉक्टरनं तो उचलला, उलटा केला, सुलटा केला, आणि हसला. म्हणाला, काका, तुम्हाला कुणीतरी फसवलंय. हा रंधा नाही, लाकडाला पाडलेलं भोक आहे. ज्यानं हे केलं त्याच्या हातात परत हत्यार देऊ नका, आणि हे चुलीत घाला. टेबल हसलं. अकरा माणसं हसली, मॅडम. वकीलसाहेबांना तर ठसका लागला. बाबा म्हणाले, मीच केलाय, डॉक्टर. डोळे गेले आता माझे. मग सगळे एकदम गोड झाले. असू द्या हो काका, या वयात एवढं करता, चहा घ्या काका. त्या गोडव्यानं मला जास्त लागलं. घरी जाताना बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते तो रंधा, रुमालातच. परत कधी आले नाहीत इथे. पुढच्या थंडीत गेले.

नाही, तो जपून ठेवलाय मी. आहे घरी. बघायचाय? कशाला, बघण्यासारखा नाही तो. खोटं कशाला बोलू, त्याचं तोंड, म्हणजे पातं बाहेर येतं ती फट, फार रुंद होतं, पातं थरथरायचं, लाकूड सोलायच्या ऐवजी फाडायचा तो. डॉक्टरला हत्यारातलं कळतं, हे मला कबूलच करावं लागतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. बसमध्ये बाबाही म्हणाले ना, पाठ छान घोटलीयस गं, पण तोंड जरा—

काही नाही.

काय म्हणाले मी? ... हो. 'घोटलीयस' म्हणाले. मलाच म्हणाले. मी केला होता तो, मॅडम. बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला. कायम मोकळ्या हातांनी बसायचे म्हणून, इथेच, याच टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत कोरायचे. दात करता येतात तर रंधाही येईल असं वाटलं मला. सुताराला कळलं नसेल का, पहिल्या दिवशीच, की हा चालत नाही? पण रुमालाला इस्त्री केली त्यांनी. आणि डॉक्टर म्हणाला ना, ज्यानं हे केलं त्याच्या हातात परत हत्यार देऊ नका — तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. विचारल्यासारखं, की सांगू का? मी दारापाशी उभी होते, माझ्या हातात चहाचा ट्रे होता. एवढंच म्हणायचं होतं, तो मी केलाय, त्यांचे हात अजून तुमच्या अकरा जणांपेक्षा चांगले आहेत. एवढंच. आणि मी ट्रेकडे बघितलं. मग ते म्हणाले, मीच केलाय. शाळेतल्या प्रत्येक बाकाचा सांधा ज्यांनी कागदही शिरणार नाही असा बसवला होता, त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की हे असलं काम माझं. आणि मी चहा दिला सगळ्यांना. डॉक्टरला आधी.

हे मला कुणाला सांगायचं नव्हतं. तुम्हाला तर नाहीच. तुम्हाला फक्त गुलाबी मसाल्याचं सांगायचं होतं.

नका, रुमाल आहे माझ्याकडे. दोन वर्षं रंधा चालवताना एकच डोळ्यापुढे ठेवलं मी. त्याचा चेहरा. सगळ्यांसमोर पडलेला. तसाच पडायला हवा, टेबलाभोवती, आणि कुणीतरी गोड आवाजात म्हणायला हवं, असू द्या हो डॉक्टर, या वयात होतं असं, चहा घ्या. ते ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही. नोकरी जाईल? जाऊ दे. दात करणाऱ्याला शहरात तोटा नाही, तोंडं भरपूर आहेत. — काय म्हणता? तुम्ही नाही विचारणार? का? ... मी? मी स्वतः? अहो, मी कशी— माझं कोण ऐकून घेणार तिथे, मी त्यांची कवळीवाली बाई, तुम्ही संग्रहालयाच्या, तुमच्या शब्दाला—

बरोबर आहे. बोलताय ते बरोबर आहे तुमचं. तेव्हाही हेच म्हटलं होतं मी मनाशी, माझं कोण ऐकून घेणार. चला. चला, येते मी. हा ॲप्रन जरा सोडते. गाठ बसलीय बघा मेली, ओढा ना जरा मागून. हां. प्लॅस्टर लागलंय का कुठे? राहू दे, लागलेलंच असू दे. आपण दोघी एकदमच जाऊ आणि तुम्ही काही बोलू नका. मी सांगते. तो मी केला होता, आणि हाही मीच केलाय. कसं, पुरे ना एवढं? एवढंच सांगते. दार मी उघडते, तुम्ही—

थांबा. सुरू केलं वाटतं त्यानं. तुमची वाटसुद्धा बघितली नाही. रुमाल उचलला असणार, गप्प झालेत बघा सगळे.

ऐका. त्या खिडकीपाशी या, इथून नीट ऐकू येतं. 'मी आयुष्यात खूप हत्यारं पाहिली' — हे दर वेळचं आहे, हे सोडा. 'पण ज्यानं हा रंधा केला...' हां, हे. 'ज्यानं हा केला, त्याच्यासमोर मला नुसतं उभं राहायला मिळालं असतं तरी—'

दार नका उघडू. हात काढा कडीवरून, मॅडम. जाऊ आपण, जायचंच आहे.

शू. बोलू द्या त्याला. पूर्ण बोलू द्या.