सिलांत्रो

सिलांत्रो? अहो ताई, हीच की — तुमच्या हातात आहे ती. कोथिंबीर. स्पॅनिशमध्ये सिलांत्रो म्हणतात, एवढंच. मला कसं ठाऊक? सून तिकडची ना माझी! मुलगा बोटीवर कामाला, एक दिवस घेऊनच आला. मी जुडी निवडत बसलेली. ही दारात चपला काढून थेट माझ्याशेजारी बसली, एक काडी उचलली, हुंगली, डोळ्यांत टचकन पाणी — म्हणाली, 'सिलांत्रो.' मी म्हटलं, 'कोथिंबीर.' झालं. सासू-सुनेचं पहिलं बोलणं ते. पुढे मला 'आई' म्हणायला शिकली, पण तोंडातून यायचं 'आय'. त्यांच्यात काही दुखलं-खुपलं की 'आय' करतात म्हणे — घ्या, म्हणजे बरोबरच बोलायची की!

बाकी सगळं बोलणं मुलामार्फत. मी म्हणायची, हिला विचार, भांडी अशी घासतात होय? तो तिकडे काहीतरी गोडगोड बोलायचा आणि ही येऊन मला मिठी मारायची. मी आपली बघतच — बोलणी खाऊन मिठी मारते, ही कुठली तऱ्हा? फार उशिरा डोक्यात उजेड पडला, मेला दोन्हीकडे लोणी लावत होता. आणि मग... मग काय, गेला बोटीवर तो गेलाच. दुसऱ्या बंदरात दुसरं घर मांडलं. फोन हिला आला. तिच्याच भाषेत बोलणं, मला अक्षर कळलं नाही — आणि सगळं कळलं. फोन ओट्यावर ठेवला आणि कांदा चिरायला घेतला तिने. मी विचारणार तरी कुठल्या भाषेत?

मधला माणूस गेला तेव्हा कुठे आम्ही भांडायला लागलो बघा. खरंखुरं भांडण! मी धणे मागावे, तिने पाला आणावा — त्यांच्यात दोन्हीला सिलांत्रोच, बी म्हणायचं तर आधी आणखी एक शब्द जोडतात. मी धण्यांचा डबा तिच्या नाकासमोर हलवला, तिनं जुडी माझ्या नाकासमोर हलवली, आणि दोघी हसत सुटलो. त्या घरात हसणं... जाऊ दे.

आज चाललीय ती. तिकडे तिच्या बहिणीकडे, कायमची. विमानतळाची दुपारची गाडी. तरुण आहे हो, माझ्यापाशी किती दिवस बसेल? मीच म्हटलं, जा — दाराकडे हात करून दाखवला. बॅगही मीच भरून दिली. ती नुसती बघत होती माझ्याकडे. — मी? मी इथे. धंदा कोण बघणार? — छे हो, रडतेय कुठली, भाजीवर पाणी मारलं, ते उडालं.

ताई, त्या फोनमध्ये बघता का जरा? 'जाऊ नकोस' — त्यांच्यात कसं म्हणतात?

नो ते... काय? परत वाजवा. नो ते वायास. नो ते वायास. बरोबर ना? तिला कळेल ना?

ही घ्या जुडी. पैसे राहू देत. सरका, ताडपत्री ओढायचीय मला, गाडी सुटेल तिची — अहो, सरका ना!