कानातला ठोका

व्हायोलिनवाली : हे हेडफोनमधून कानात टकटक काय लावून दिलंय तुम्ही?

प्रोड्युसर : तालाचा ठोका आहे, मॅडम. त्याला धरून वाजवलं की नंतर सगळं जागच्या जागी बसतं.

व्हायोलिनवाली : डोकं उठलं माझं. घड्याळाच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतंय. बंद करा ते. आणि मॅडम काय, ताई म्हणा.

प्रोड्युसर : बंद केलं तर तुम्ही कुठे, पियानो कुठे, कळणार कसं?

व्हायोलिनवाली : तुम्ही पियानोवर बसा, मी इथे उभी राहते. एकत्र वाजवू.

प्रोड्युसर : एकत्र म्हणजे... एकाच वेळी?

व्हायोलिनवाली : नाही तर काय, पाळीपाळीनं?

प्रोड्युसर : माझा पियानो काल वाजवून ठेवलाय, ताई. त्यावर आज तुम्ही वाजवायचं. मग मी एकेक सूर पकडून सरळ करतो. माझं काम असंच चालतं.

व्हायोलिनवाली : अहो, तुमच्या गाण्यांवर माझ्या भाच्या घर डोक्यावर घेतात. हजारोंना नाचवता, आणि कुणाबरोबर वाजवलं नाही कधी?

प्रोड्युसर : नाही.

व्हायोलिनवाली : कध्धीच?

प्रोड्युसर : बरोबर कुणी असायला तर हवं. लोक नाचतात ते खाली, मी वर स्टेजवर. कार्यक्रम संपला की मी आणि हॉटेलची खोली. इथे स्टुडिओत आलो की हे जाड दार. फार एकटं वाटतं हो. म्हणून हे संथ गाणं घेतलं. म्हटलं, धडधड काढली की माणसांत आल्यासारखं वाटेल.

व्हायोलिनवाली : आणि गाण्यातून काढलेली धडधड माझ्या कानात घातलीत होय!

प्रोड्युसर : भीती वाटते. कंपनीवाले म्हणालेत, हे एक करून दाखव, नाही जमलं तर मुकाट्यानं परत नाचाच्या गाण्यांकडे.

व्हायोलिनवाली : मग बसा पियानोवर.

प्रोड्युसर : एक, दोन, तीन, चार म्हणू?

व्हायोलिनवाली : काही म्हणू नका. माझ्याकडे बघा. मी श्वास घेते, तुम्हीही घ्या. सोडला की सुरू.

प्रोड्युसर : बघतच राहायचं?

व्हायोलिनवाली : खाते की काय मी तुम्हाला? चला... अहो, थांबा, थांबा! पळताय कुठे? गाडी सुटतेय का?

प्रोड्युसर : सवय आहे. मागे कुणी राहिलंय का, ते बघत नाही मी.

व्हायोलिनवाली : तिसऱ्या ओळीत मी जराशी रेंगाळते. तिथे थांबायचं माझ्यासाठी.

प्रोड्युसर : किती?

व्हायोलिनवाली : मी येईपर्यंत.

प्रोड्युसर : ...बरं. घ्या श्वास.

(दोघं वाजवतात. शेवटचा सूर विरून जातो.)

व्हायोलिनवाली : झालं की रे! रेकॉर्ड झालंय ना?

प्रोड्युसर : झालंय. मध्ये एकदा माझं बोट घसरलं.

व्हायोलिनवाली : ऐकलं मी. सांभाळून घेतलं तुला तिथे. ते तसंच ठेव, कापाकापी केलीस तर बघ.

प्रोड्युसर : नाही करणार.

व्हायोलिनवाली : शहाणा आहेस. चल, निघते मी. व्हायोलिनची पेटी दे ती इकडे.

प्रोड्युसर : ताई, अजून एकदा घ्यायचं?

व्हायोलिनवाली : का रे? छान झालं की. कुठे चुकलं?

प्रोड्युसर : कुठेच नाही.