अठरा मिळवून

(ज्वालामुखीच्या विवराच्या कडेवरची लाकडी चौकी. सकाळचे पावणेदहा. टेबलावर नोंदवही आणि वॉकीटॉकी. म्हातारा वाटाड्या तात्या खुर्चीत बसला आहे. वेधशाळेतून आलेली बाई उभ्यानेच वही चाळते आहे.)

बाई : आणि हा आजचा. वाफेचं वरचं धुराडं एकसष्ट अंश, तळचं एकोणऐंशी.

तात्या : बरोबर.

बाई : काल साठ आणि अठ्ठ्याहत्तर.

तात्या : तेही बरोबर. बाई, एवढा डोंगर चढून आलात, आधी घोटभर पाणी तरी प्या. वही कुठे पळून जात नाही.

बाई : परवा पुन्हा एकसष्ट, एकोणऐंशी. हा डोंगर इतका शहाण्यासारखा कधीपासून वागायला लागला, तात्या?

तात्या : वयानं शहाणपण येतं म्हणतात. त्यालाही आलं असेल.

बाई : गेल्या वर्षीची पानं बघा. दोन्ही धुराड्यांतला फरक कधी सतरा, कधी वीस, एकदा पंधरा. भर पावसात बावीस. आणि आता सव्वा महिना झाला, रोज अठरा. कमी नाही, जास्त नाही.

तात्या : मधला आकडा आहे तो. डोंगराला मधला मार्ग आवडला असेल.

बाई : तळ्यात आमचं यंत्र आहे. दहा दिवसांत पाणी तीन अंशांनी तापलंय. पाणी तापतंय, आणि त्याच पाण्याच्या काठावरचं धुराडं मात्र जिथल्या तिथे. हे कसं?

तात्या : यंत्र बिघडलं असेल.

बाई : म्हणून दुसरं लावलं. तेही तेच सांगतंय. तळ्यापर्यंत उतरायला तुम्हाला किती वेळ लागतो?

तात्या : पाऊण तास. चढायला जरा जास्त.

बाई : म्हणजे दोन तास धरू. तुम्ही सहाला चौकीत येता. साडेसहाला दोन्ही आकडे लिहून तयार असतात.

तात्या : चहा घेता का? थर्मासमध्ये आहे.

बाई : तात्या.

तात्या : साखर कमी आहे, पण गरम आहे.

बाई : तात्या, तळाला तुम्ही शेवटचे कधी उतरलात?

तात्या : हे बघा बाई. वरचं धुराडं इथून पन्नास पावलांवर आहे. ते मी रोज मोजतो. ऊन असो, गारा असोत, एका दिवसाचा खाडा नाही. आणि वरचं नि खालचं म्हणजे सख्खे भाऊ आहेत. हा शिंकला की त्याला पडसं. सव्वीस वर्षं बघतोय मी. ह्याच्या तोंडावरून मला त्याची तब्येत कळते.

बाई : म्हणजे तुम्ही वरचं मोजता आणि अठरा मिळवता.

तात्या : मिळवतो.

बाई : किती दिवस?

तात्या : साखळीच्या वाटेवर गुडघा धरला, त्या दिवसापासून. एकोणचाळीस.

बाई : कोणाला सांगितलंत?

तात्या : तुम्हाला. आत्ता.

बाई : दुसऱ्या कोणाला मोजायला पाठवता आलं असतं.

तात्या : आलं असतं. माझी धाकटी मुलगी दोनदा म्हणाली, 'तात्या, मला द्या, मी मोजते.' मी म्हटलं, 'मी आहे तोवर नाही.' इथे जो मोजतो तोच सकाळी सगळ्यांना 'उतरा' म्हणतो, बाई. तो म्हणाला की पाचही वाटाडे आपापली माणसं घेऊन निघतात. एकदा मोजणं सोडलं की मग चौकीत बसून माशा मारायच्या.

बाई : नव्वदच्या वर गेलं की तळ बंद, हा नियम कोणाचा?

तात्या : माझाच. तुमच्या खात्यानं तो नंतर कागदावर आणला.

बाई : आत्ता तळाला कोण आहे?

तात्या : धाकटीच आहे. अकरा जणांना घेऊन सातला निघाली. वाटेत लाव्ह्याची भिंत दाखवते, गंधकाची पिवळी दरड दाखवते. आता पोचली असेल.

बाई : वॉकीटॉकी द्या.

तात्या : थांबा. मी बोलावतो. माझी पोर आहे.

बाई : काय सांगून बोलावणार?

तात्या : बोलावतो म्हटलं ना... धाकटे, धाकटे. चौकीवरून तात्या. ऐकतेस का?

धाकटी : बोला तात्या. एक मिनिट हं... अहो काका, ती छत्री मिटा! वाफ वरून पडत नाही, खालून येते! हं, बोला.

तात्या : कुठे आहात?

धाकटी : तळ्याच्या काठी, नेहमीच्या जागी. डबे सोडतोय. तात्या, पाणी आज काय दिसतंय म्हणून सांगू! हिरवं कुठल्या कुठे, पार दुधाळ झालंय. सगळे खूश. फोटोंचा नुसता पाऊस पडतोय.

बाई : दुधाळ म्हणजे खालून काहीतरी उसळतंय. ऐकलंत?

तात्या : ऐकलं. धाकटे, सगळ्यांना घेऊन वर ये. लगेच.

धाकटी : आत्ताच तर टेकलोय. का?

तात्या : ढग येतायत.

धाकटी : ढग? इथून तर आभाळ घासूनपुसून पालथं घातल्यासारखं दिसतंय.

तात्या : तुला खोलातून दिसायचे नाहीत. पलीकडून येतायत. मी सांगतोय ना.

धाकटी : तुम्ही सांगताय म्हणजे येतच असणार. मग साखळीच्या वाटेनं आणते, तासाभरात वर. चला हो मंडळी, डबे आवरा! तोंडातला घास चालत चालत खा!

बाई : साखळीची वाट कुठून येते?

तात्या : कड्याच्या पोटातून.

बाई : मी नकाशा बघितलाय, तात्या. तळच्या धुराड्याला खेटून येते ती.

तात्या : पोरीचं चुकलं नाही. दुसरी वाट घोड्याच्या मानेवरची. दोन्ही अंगांना सरळ तुटलेला कडा. ढगात तिथे स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून ढग आला की साखळी धरायची, हा इथला नियम आहे.

बाई : नियम खरा आहे. ढग खोटा आहे.

तात्या : कळतंय मला... धाकटे, थांब. साखळीनं नको. मानेवरून ये.

धाकटी : काय? परत बोला.

तात्या : घोड्याच्या मानेवरून ये.

धाकटी : ढगात? तात्या, बरं आहे ना तुम्हाला? ढगात मानेवरून नेतो तो वाटाड्या नव्हे, खाटीक, हे मला कान पिळून कोणी शिकवलं? माझ्याबरोबर एक आजी आहेत सत्तरीच्या. त्यांना कशी नेऊ?

तात्या : नेता येईल.

धाकटी : ढग आहे की नाही, एवढंच सांगा. आहे, तर मी साखळीनंच येणार. निघालोय आम्ही. पुढचे दोघं साखळीपाशी पोचलेसुद्धा.

बाई : मी बोलू?

तात्या : तुम्ही बोललात तर ती मलाच विचारणार, ह्या बाई काय म्हणतायत म्हणून. बाई, वॉकीटॉकीवर हे सगळे ऐकतात. लंबू वाटाड्या ऐकतोय, ते दोघे जुळे वाटाडे ऐकतायत, तिकीट खिडकीतली पोर ऐकतेय. सव्वीस वर्षांत मला कोणी 'कशावरून' म्हणून विचारलं नाही.

बाई : पुढचे दोघं साखळीपाशी आहेत, तात्या.

तात्या : धाकटे. ढग नाही.

धाकटी : आं?

तात्या : ढग नाही. आभाळ स्वच्छ आहे. त्या दोघांना आधी मागे बोलव, मग माझं ऐक.

धाकटी : ओ दादा! ओ वहिनी! मागे फिरा! साखळी सोडा! ...हं. फिरले. बोला.

तात्या : तळाचा आकडा खरा नाही. आजचा नाही, कालचाही नाही. एकोणचाळीस दिवस मी खाली उतरलेलो नाही. वरचं मोजायचो आणि अठरा मिळवून लिहायचो. गुडघ्यानं दगा दिला. सांगायची लाज वाटली. खाली काय चाललंय ते मला माहीत नाही. ऐकलंस का?

बाई : ऐकलं असेल.

तात्या : धाकटे? ऐकलंस का?

धाकटी : ऐकलं.

तात्या : धुराड्याकडे फिरकू नकोस. तिथूनच मान धर.

धाकटी : थांबा. माझ्या पिशवीत थर्मामीटर आहे.

तात्या : तुझ्याकडे कुठून आला?

धाकटी : विकत घेतला. तुम्ही तुमच्याला हात लावू देत नव्हतात म्हणून. आजवर बाहेर काढला नाही. तुमच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

बाई : ऐका, मी चौकीतून बोलतेय, वेधशाळेची. धुराड्याजवळ जाऊ नका. उभ्या आहात तिथेच राखेत वीतभर खोल घाला.

धाकटी : घातला. चाळीस... पन्नास... अजून चढतोय. साठ. तात्या, एक्काहत्तरवर थांबला.

बाई : कुठे मोजलंत?

धाकटी : पायाखाली. डबे खायला बसतो ना, तिथे.

तात्या : ती जागा गार असते, बाई. म्हणून तर तिथे बसवतात सगळ्यांना.

बाई : निघा. लगेच. मानेवरच्या वाटेनं.

धाकटी : निघालो. आजींचं काय करू, तात्या?

तात्या : त्यांना पट्ट्यानं स्वतःला बांधून घे. त्या मागे, तू पुढे. खाली बघू देऊ नकोस, बोलतं ठेव. नातवंडांचं विचार, दम लागला तरी बोलतील. छत्रीवाल्याला सगळ्यांच्या शेवटी ठेव, आणि छत्री मिटलेलीच राहू दे, मानेवर वारा असतो.

धाकटी : बरं.

तात्या : धाकटे...

धाकटी : आता नको, तात्या. पाय बघू दे.

बाई : किती वेळ लागेल?

तात्या : सव्वा तास. आजी आहेत, दीड धरा.

बाई : वहीत हे लिहावं लागेल.

तात्या : द्या इकडे, मी लिहितो. ह्या वहीसाठीच तर लिहायला शिकलो मी, तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. आधी आकडे आले, अक्षरं मागून. धाकटी तेव्हा सहावीत. संध्याकाळी पाटी घेऊन मास्तरीण व्हायची. चुकलं की कपाळावर हात मारून घ्यायची.

बाई : एकोणचाळीस ओळी आहेत. सगळ्यांवर एकच रेघ मारली तरी चालेल.

तात्या : नाही. एकेक करून खोडतो. वेळ आहे.

बाई : मला वर कळवावं लागेल. तुमचा बिल्ला बहुतेक जाईल.

तात्या : कळवा. तुमचं कामच आहे ते.

बाई : तुमच्या गुडघ्याबद्दलही लिहीन.

तात्या : ते कशाला? गुडघा खोटं बोलला नाही.

बाई : खिडकीतून काही दिसतंय का?

तात्या : अजून नाही. आधी काळा खडक संपला पाहिजे. त्याच्या पुढे मान सुरू होते. लाल मातीवर माणूस लगेच ओळखू येतो... हं. तो बघा एक ठिपका. दोन. त्या दोघांचं लग्न नुकतंच झालेलं दिसतंय, अशा वाटेवरसुद्धा हात धरून चालतायत. मूर्ख.

बाई : तिसरा?

तात्या : तिसरी धाकटी. चौथ्या आजी. पाच, सहा, सात. थांबलेत. दम खातायत. चांगलं केलं, तिथेच थांबायचं असतं.

बाई : तळ शांत दिसतोय.

तात्या : दिसतोय. आज काही झालं नाही तर खाली गावात म्हणतील, म्हातारा घाबरला, लोकांची सहल बुडवली.

बाई : म्हणू दे.

तात्या : म्हणू दे. आठ, नऊ, दहा, अकरा. छत्रीवाला राहिला.

बाई : बारावा?

तात्या : दिसत नाही. थांबा... थांबा. आला. छत्री काठीसारखी टेकत येतोय. बारा. सगळे आले, बाई. मानेचा अवघड भाग संपला.

बाई : तुमचा चहा घेते आता.

तात्या : गार झाला असेल.

बाई : चालेल.

लंबू : चौकी, चौकी. लंबू बोलतोय.

तात्या : बोल, लंबू.

लंबू : मघाचं सगळं ऐकलं आम्ही.

तात्या : हं.

लंबू : तेव्हापासून माझे चौदा जण गरम कुंडांच्या अलीकडच्या वळणावर उभे केलेत. ऊन व्हायला लागलंय, कुरकुर सुरू झालीय. कुंडं दाखवू की परत फिरवू? सांगा, तात्या.

बाई : तात्या, तो तुम्हाला विचारतोय.

तात्या : लंबू, तिथेच थांब. पाच मिनिटांत धाकटी वर येईल. तिला विचार.