डॉल्फिनचा खेळ

शेवंती : नाय म्हटलंय ना, हरी. त्या पुण्याच्या पावण्यांका माझ्या हातचां जेवाण मिळूचां नाय. मासे परत टोपलीत ठेवलंय.

हरिश्चंद्र : ताय, तू माझी थोरली भैन. घरात पावणे ठेवायचे तर तेंका जेवूक घालूकच व्हया ना? उपाशी धाडू?

शेवंती : सकाळी तुझ्या बोटीत टाळ्यो वाजवीत होते, तेच ना हे?

हरिश्चंद्र : तेंका काय कळता? डॉल्फिन पिल्लाक नाकाडावर उचलता, पिल्लू बुडता, ती परत उचलता. तेंका वाटलो खेळ.

शेवंती : तेंका वाटलो नाय, तू सांगलंस. मी मागच्या फळीर बसलेलंय. ‘बघा, आई बाळाला पोहायला शिकवतेय.’ शुद्ध भाषेत, वर हसान.

हरिश्चंद्र : मग काय सांगू? पिल्लू मेलां आसा आणि आवस सोडूक तयार नाय? तेंचां लहान चेडू होतां बोटीत, आवशीच्या बाजूक बसलेलां.

शेवंती : चेडवाचो आडोसो घेव नको. तां गप होतां. वरडत होती ती मोठी माणसां. आणि तू इंजिन बंद करूचां सोडून आणखी जवळ गेलंस. ती डॉल्फिन बाजूक होय, तू परत बोट आडवी घालीस.

हरिश्चंद्र : बाकीच्या बोटी पण होत्यो.

शेवंती : होत्यो. गिधाडां तरी मेल्याकडे गप येतत.

हरिश्चंद्र : मी खरां पण सांगतंय लोकांका. डॉल्फिन अर्धो मेंदू जागो ठेवून झोपता, एक डोळो उघडो. एकमेकांका शिट्टीच्या आवाजान ओळखतत. ह्यां खोटां आसा?

शेवंती : ती एक डोळो उघडो ठेवून झोपता. तू दोनय उघडे ठेवून झोपतंस. काल सांजेक तूच माका म्हणालंस, ‘ताय, एक मादी मेलेलां पिल्लू घेवन फिरता, बघवत नाय.’ आणि आज पावण्यांका थंयसरच घेवन गेलंस.

हरिश्चंद्र : दुसरां काय दिसणारां नव्हतां. रिकामी फेरी झाली असती.

शेवंती : आता खरां बोललंस.

(पाहुण्यांपैकी दीपिका स्वयंपाकघराच्या दाराशी येते.)

दीपिका : मावशी, जेवायला वेळ आहे का अजून? आणि दादा, उद्या परत तिथेच न्या हं. माझ्या दिरांना बघायचंय. व्हिडिओ बघून ते वेडेच झालेत.

शेवंती : बाई, ते पिल्लू मेलेलं होतं.

दीपिका : काय?

शेवंती : कालपासून. आई त्याला श्वास घ्यायला वर उचलत होती.

दीपिका : पण दादा तर म्हणाले…

हरिश्चंद्र : खोटं बोललो मी.

दीपिका : अरे देवा. मुलीला मात्र सांगू नका. मी व्हिडिओ टाकलाय पण… फार आवडलाय सगळ्यांना. त्यात तसं काही कळत नाही ना? मेलेलं वगैरे?

शेवंती : तुम्हाला समोर कळलं नाही. त्यांना कुठून कळणार?

दीपिका : तेच ना. मग राहू दे. उद्या किती वाजता निघायचं, दादा?

हरिश्चंद्र : उद्या माझी बोट जाणार नाही.

दीपिका : अय्या, मग दुसऱ्या कुणाची मिळेल का?

हरिश्चंद्र : मिळेल मॅडम. जेटीवर विचारा. तिथेच जेवायचीही सोय होईल.