सावंतकाकू आणि जपानी सूर

अरे, भांडुपला चाळीत राहायचो तेव्हाचं सांगतो, पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. बोटीवर कामाला असलेल्या मामाने जपानी संगीताची कॅसेट आणली होती. ती ऐकून मी त्यातले पाच सूर गिटारवर बसवले आणि रोज संध्याकाळी तेच घोळवायला लागलो. त्या सुरांत काहीही वाजवा, उदासच वाटतं.

शेजारच्या सावंतकाकूंचे यजमान नुकतेच वारले होते. काकू रडल्याच नव्हत्या, आणि सगळ्यांना त्याचीच काळजी होती. एका संध्याकाळी त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"झिला, ह्यां काय वाजयतंस?"

"जपानी आहे, काकू. बंद करू?"

"नको. वाजय."

त्या उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. माझे हात थांबायला लागले, तर आईने आतून खुणावलं, वाजवत राहा. मग त्या रोज येऊ लागल्या. कधी रडायच्या, कधी काकांबद्दल बोलायच्या.

महिन्याभराने मात्र म्हणाल्या, "आता ह्यां रडाचा पुरे झाला रे. काय तरी नाचाचा वाजय."

माझी वाट लागली यार. तेवढ्या दिवसांत मी दुसरं काही शिकलोच नव्हतो.